सहाशे शहात्तर खिळे

अमेरिकेत घर विकत घेतलं की त्याच्या मागच्या बाजूला एक लाकडी मचाण मिळतं. त्याला डेक म्हणतात. घर दाखवणारी बाई काचेचं दार सर्रकन सरकवते आणि लग्नात वरमाईला रुखवत दाखवावा तशी म्हणते, ‘आणि हा डेक!’ त्या क्षणी आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. संध्याकाळ आहे, झुळूक आहे, हातात चहाचा कप आहे. दोन्ही गुडघे टेकून फळी खरवडणारा एक घामाघूम माणूस त्या चित्रात कुठेही दिसत नाही. तो माणूस म्हणजे मी.

आम्ही मिनेसोटात राहतो, मिनिआपोलिसच्या पश्चिमेच्या एका उपनगरात. इथे जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत उतरतो आणि जुलैत ३५ पर्यंत चढतो. म्हणजे एकाच फळीने वर्षभरात ६५ अंशांचा प्रवास करायचा, तोही जागचं न हलता. वर्षाकाठी सरासरी साडेचार फूट बर्फ पडतो. तो डेकवर साचतो, दुपारी थोडा वितळतो, फटीत शिरतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पाणी गोठताना ९ टक्क्यांनी फुगतं. फट रुंदावते, रुंदावलेल्या फटीत आणखी पाणी शिरतं. खोलीपुरता आलेला भाडेकरू हळूहळू ओटीवरही हक्क सांगू लागतो, त्यातलाच हा प्रकार. जमीनसुद्धा गोठून फुगते आणि वरच्या खांबांना उचलते, म्हणून आमच्या भागात डेकचा पाया नियमाने ४२ इंच खोल घ्यावा लागतो आणि राज्याच्या उत्तरेकडे ६० इंच. आमच्या राजापूरकडे कोणी एवढं खणायला घेतलं तर गावकरी येऊन विचारतील, ‘पाणाड्या कुठला आणला होतात?’

आमचा डेक १९९९ सालचा, बारा फूट बाय सोळा फूट. आम्ही घर घेतलं तेव्हा तो मधाच्या रंगाचा होता. चार हिवाळ्यांनंतर तो दशक्रियेच्या घाटावरच्या फळकुटांसारखा दिसू लागला. मी दरवर्षी ‘यंदा बघू’ म्हणत होतो. मिनेसोटात ‘यंदा’ ही गोष्ट मेअखेर सुरू होते आणि सप्टेंबरात संपते, त्यामुळे हे म्हणायला फार वेळ लागत नाही.

अशा वेळी मे महिन्यात आई-बाबा आले.

बाबा म्हणजे सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. चौतीस वर्षं मोऱ्या, साकव आणि विश्रामगृहं यांत गेली. विमानतळावरून येताना त्यांनी पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचली. त्यावर इथे लिहिलेलं असतं, दहा हजार तळी. मी माहिती पुरवली की खरी मोजणी ११,८४२ भरते. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सरकारी आकडा खऱ्यापेक्षा कमी निघालेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे जेट लॅगमुळे ते तीन वाजताच उठले आणि उजाडल्याबरोबर डेकवर उभे राहिले. हातात लोटा होता. तो त्यांनी फळीवर रिता केला. पाणी क्षणात गडप झालं.

“मुरलं,” बाबा म्हणाले. “वरचा लेप खलास. हे लाकूड आता पाणी पितंय.”

गंमत म्हणजे डब्यांवरसुद्धा हीच परीक्षा लिहिलेली असते. पाणी फळीवर थेंबाथेंबाने उभं राहिलं तर जुना लेप शाबूत आहे, मुरलं तर नवा द्यायला हवा. फक्त डब्यावर लोट्याचा उल्लेख नसतो.

“काय लावतात याला?”

“स्टेन.”

“म्हणजे डाग?”

“तसं नाही बाबा. आधी ही काळपट बुरशी, शेवाळ, पानांचे डाग सगळं घासून काढायचं. लाकूड अगदी स्वच्छ करायचं. आणि मग…”

“मग बाजारातून डबाभर डाग विकत आणून लावायचे.” त्यांनी वही काढली. बाबांकडे नेहमी एक वही असते. खात्यात असताना मोजमापाची वही असे, तिला ते एमबी म्हणत. निवृत्तीनंतर खातं सुटलं, एमबी नाही. “तुझा अंदाज काय? किती दिवसांचं काम?”

“दोन. शनिवार, रविवार.”

बाबांनी लिहिलं, ‘अंदाजित कालावधी : २ दिवस’, आणि त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या. अनुभवी माणूस होता.

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिने येताना साबुदाणा, पापडखार आणि कुरडयांचा सोऱ्या आणला होता. सुनेच्या घराला दक्षिणेकडे तोंड करून एवढं मोठं उघडं मचाण आहे आणि त्यावर मे महिन्यात एकही वाळवण नाही, हे तिच्या दृष्टीने संसार नीट न चालल्याचं लक्षण होतं. “किती दिवसांनी मोकळा होईल रे?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सोमवारी.” त्या सोमवारची तारीख मी सांगितली नाही, हेच माझं नशीब.

शनिवारी सकाळी पाहणी झाली. फळ्या सव्वीस, खालचे वासे तेरा, प्रत्येक वाशावर फळीला दोन खिळे. “सहाशे शहात्तर,” बाबा म्हणाले. मी म्हटलं, “हो, साधारण तेवढे असतील.” साधारण हा शब्द त्यांना सहन होत नाही. ते हातात खडू घेऊन ओणवे झाले आणि एकेक खिळा मोजला. सहाशे शहात्तरच निघाले. त्यांपैकी अठ्ठावन्न डोकं वर काढून बसले होते. लाकूड पाण्याने फुगतं, उन्हाने आकसतं आणि दरवेळी खिळ्याला इवलासा वर ढकलतं. वीस-पंचवीस वर्षांत खिळा असा बाहेर येतो की अनवाणी पायाला तो बरोब्बर सापडतो. पुन्हा ठोकून उपयोग नाही, त्याच सैल भोकात तो पुन्हा सैलच बसणार. उपटून स्क्रू पिळावा लागतो, तोही न गंजणारा. सीडरच्या लाकडात टॅनिन असतं, त्याला साधं लोखंड भेटलं की काळे ओघळ उतरतात. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपले पूर्वज पोथ्यांसाठी शाई करत, तीच ही शाई. आमच्या डेकवर प्रत्येक खिळ्याखाली एकेक ओवी लिहून झाली होती.

मग मी एक गोष्ट सांगितली आणि पाहणीचा रंग पालटला. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती कामाच्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने भरत असत, कीड आणि कुज लागू नये म्हणून. आमच्या वरच्या फळ्या सीडरच्या, त्यांना काही नाही. पण खालचे वासे, तुळया आणि खांब त्या काळातले. त्यांना पॉलिश पेपर लावायचा नाही, भुसा नाकात गेला तर वाईट.

“आर्सेनिक म्हणजे सोमल,” बाबा म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. “आमच्याकडे वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावत. हात भाजायचे, पण निदान खुनाचा संशय यायचा नाही.”

वहीत नोंद झाली : ‘तुळया : सोमलयुक्त. हात लावू नये.’

आता धुणं. मी भाड्याने प्रेशर वॉशर आणला. त्याच्यासोबत रंगीत तोंडं मिळतात. पांढऱ्या तोंडातून पाण्याचा पंखा निघतो, ४० अंशांचा. लाल तोंडातून निघते एकच सरळ धार, शून्य अंशांची. लाकडाला पांढरं लावायचं, दाबही चौरस इंचाला पाचशे-सहाशे पौंडांच्या आसपास ठेवायचा, हातभर लांब उभं राहायचं आणि लाकडाच्या रेषेबरोबर जायचं. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी लाल लावलं. फळीवर अर्ध्या मिनिटात एक लांबलचक चर पडला. भिजलेलं सीडर लोण्यासारखं कापलं जातं.

“नांगरणी झाली,” बाबा शांतपणे म्हणाले. “पेरणी कधी?”

पलीकडच्या कुंपणाशी आमचे शेजारी उभे होते. नॉर्वेजियन वंशाचे, सत्तरीतले. मिनेसोटात माणसं कधी नावं ठेवत नाहीत. फार झालं तर म्हणतात, “दॅट्स डिफरंट.” त्यांनी चराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वेल. दॅट्स डिफरंट.” मला ते शब्द ऐकून इतकं वाईट वाटलं, की त्यापेक्षा गावातल्या एखाद्या आजोबांनी ‘मेल्या, फळीची वाट लावलीस’ म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

खरी लढाई मात्र पाण्याने जिंकता येत नाही, हे समजायला अख्खा रविवार गेला. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो लाकडाचे धागे बांधून ठेवतो, एकत्र कुटुंबातल्या आजीसारखा. उन्हातले अतिनील किरण आधी त्या आजीला संपवतात, पाऊस तिला धुऊन नेतो आणि मागे उरतात ते सुटे, करडे, एकमेकांशी न बोलणारे धागे. डेक करडा दिसतो तो त्यांच्यामुळे. त्यांच्यावर कितीही भारी स्टेन लावा, तो धाग्याला चिकटतो आणि पुढच्या हिवाळ्यात धाग्यासकट निघून जातो.

मी हे शास्त्र इंटरनेटवरून तीन रात्री जागून शिकलो. बाबांनी ते एका वाक्यात संपवलं. “पोपड्यावर चुना मारला तर चुना पोपड्याला चिकटतो, भिंतीला नाही.”

म्हणून मग औषधं आली. पहिलं, सोडियम परकार्बोनेट. पाण्यात टाकलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, फेस येतो, बुरशी आणि मळ उकलतो. बायकोने डबा वाचला आणि म्हणाली, “ही तर माझी हळदीचे डाग काढायची पावडर. तू चौपट पैसे दिलेस.” कपाटातून तिने तिचा डबा आणून ठेवला. घटक तेच, फक्त त्यावर डेकऐवजी टॉवेलचं चित्र. याच डेकवर गेल्या दिवाळीच्या जेवणात पाहुण्यांनी मटणाचा रस्सा सांडला होता, हेही तिने त्याच वेळी काढलं. तो पिवळा डाग मात्र उन्हाने आपोआप उडून गेला होता, हळद उन्हात टिकत नाही. फुकटचा डाग आपोआप जातो आणि विकतचा डागही आपोआप जातो, हे डेकचं तत्त्वज्ञान मला तिथे कळलं.

दुसरं औषध, जुना लेप सोलणारं, कॉस्टिक सोड्याचं. हातमोजे, चष्मा, बूट. जिथे मागच्या मालकाच्या स्टेनचे तुकडे अडून बसले होते तिथे ते ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, ब्रशने घासायचं. हे झाल्यावर लाकूड काळंठिक्कर पडलं. माझा जीव उडाला. पण तसंच होतं म्हणे. क्षाराने लाकूड काळवंडतं, म्हणून लगेच आम्ल लावून ते उतरवायचं. तिसरं औषध ते आम्ल. त्याचं नाव ऑक्झॅलिक आम्ल.

“काय आम्ल?” आईने विचारलं.

“ऑक्झॅलिक. पालकात असतं बघ. आणि अळूच्या पानांत त्याचेच कॅल्शियमचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून अळूने घसा खाजतो.”

आईने क्षणभर विचार केला. “मग याला चिंच घालून बघितलीस का?”

मी हसलो, पण अर्ध्या तासात हसू मावळलं. काळी लाकडं डोळ्यांदेखत उजळली. खिळ्यांखालच्या ओव्या पुसल्या गेल्या. फळ्यांतून तांबूस, मधाचा रंग परत वर आला आणि सीडरचा वास सुटला. बाबांनी पहिल्यांदाच चष्मा काढून फळीवर हात फिरवला. वहीत लिहिलं, ‘लाकूड जिवंत आहे.’

इथवर नऊ दिवस झाले होते. स्टेनचं झाकणही उघडलं नव्हतं.

पुढे वाळणं. डब्यावरच्या अटी म्हणजे वधूपक्षाच्या अटी. लाकडात ओल १५ टक्क्यांहून कमी हवी. हवा १० अंशांच्या वर आणि ३२ च्या खाली हवी. फळीवर थेट ऊन नको. आधी दोन दिवस पाऊस नको, नंतर एक दिवस नको. मिनेसोटातल्या जूनमध्ये एवढे गुण जुळणं म्हणजे छत्तीसपैकी छत्तीस. दर तिसऱ्या दिवशी ढग गडगडून यायचे आणि आमची वाळलेली फळी पुन्हा ओलीचिंब. मी ओल मोजणारं यंत्र आणलं. दोन सुया फळीत खुपसायच्या, आकडा येतो. पहिल्या दिवशी २३, मग १९. तिसऱ्या दिवशी मी यंत्र काढायच्या आधी आईने वाकून फळीला हाताचा मागचा भाग लावला आणि म्हणाली, “पापड असता तर अजून एक ऊन दिलं असतं.” यंत्राने १७ दाखवलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “झालं, आता डब्यात भरायला हरकत नाही.” यंत्राने १४ दाखवलं. यंत्र मी त्याच दिवशी दुकानात परत दिलं.

मग घासणं. इथे माझं आणि बाबांचं वाजलं. बाहेरच्या लाकडाला साठ ते ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. त्याहून बारीक लावला तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की स्टेनला आत शिरायला वाटच राहत नाही. पण बाबा ज्या काळातले, त्या काळात गुळगुळीतपणा म्हणजे प्रामाणिकपणा. मी मधल्या फळ्या घासत होतो तेवढ्यात त्यांनी दाराजवळची एक फळी बारीक कागदाने अशी घोटली, की तिच्यात भांग पाडता आला असता. “हात फिरव,” ते म्हणाले. मी फिरवला. झोपाळ्याच्या फळीसारखी लागली. मला काही बोलवेना.

आणि अखेर एका ढगाळ, कोरड्या सकाळी स्टेन उघडला. अर्धपारदर्शक, लाकडाच्या रेषा दिसतील असा. त्याच मुहूर्तावर कॉटनवूडच्या झाडांनी कापूस सोडायला घेतला. ही झाडं जूनच्या सुरुवातीला बी सोडतात, आणि प्रत्येक बी आपल्या रुईच्या म्हातारीसारखी पांढरी पिसं लावून तरंगत येते. लहानपणी आम्ही म्हातारीच्या मागे धावायचो. इथे हजारो म्हाताऱ्या आमच्या मागे धावत आल्या आणि ओल्या स्टेनवर विसावल्या. त्यांच्यामागून डास. मिनेसोटाचा राज्यपक्षी कागदोपत्री लून आहे, पण खरा मान डासाचा, असं इथले लोकच सांगतात. बाबा एका हाताने पिसं टिपत आणि दुसऱ्याने डास मारत पुढे सरकत होते. मी दोन-दोन फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ओढत होतो, मध्ये थांबलं तर जोड दिसतो म्हणून. जे लाकडाने प्यायलं नाही ते फडक्याने पुसून घेतलं.

किती वेळ लागला? तीन तास. चोवीस दिवसांची तयारी आणि तीन तासांचं काम. सत्यनारायणाला हेच होतं. दोन दिवस घर आवरायचं, केळीचे खांब आणायचे, सांजा भाजायचा, आणि आरती पाच मिनिटांची. पण फोटो आरतीचाच निघतो.

बाबांची घोटलेली फळी मात्र फिकी राहिली. तिने स्टेन घेतलाच नाही.

शेवटी चिंध्या. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण तेलाच्या स्टेनने माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप पेटू शकतात. जवसासारखं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते आणि गोळ्यात ती कोंडते. म्हणून एकेक चिंधी पसरून वाळवायची किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची. आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे. पण ही अग्निसुरक्षा होती. मी कुंपणाला दोरी बांधली आणि चिंध्या पसरल्या. तासाभराने बघतो तर त्याच दोरीवर बाबांचा पंचा, दोन बंड्या आणि आईचं लुगडं. “अग्निसुरक्षा,” बाबा म्हणाले. कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “नॉट टू बॅड.” ते डेकविषयी म्हणाले की पंचाविषयी, हे आम्ही विचारलं नाही. मिनेसोटात याहून मोठी स्तुती नाही.

त्या संध्याकाळी मी डब्यावरची हमी वाचून दाखवली. बाबा हसले. “गावी पाऊस संपला की आपण दरवर्षी खळं करायचो, आठवतंय? माती खणायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. मेअखेर शाकारणी, पडवीला झापं. खळ्याची हमी कोणी मागितली होती का? पावसाने जायचं हे ठरलेलंच. आपण पुन्हा करायचं हेही ठरलेलंच. तुमचा घोळ एवढाच, की तुम्हाला वाटतं एकदा केलं की सुटलो.”

मला वाटतं हेच खरं. डेक खराब होत नाही, तो फक्त दरवर्षी पुन्हा करायचा असतो. चार वर्षं टाळलं की चोवीस दिवस लागतात. दरवर्षी धुतलं, वर आलेला खिळा तिथल्या तिथे बदलला आणि बर्फ काढायचं फावडं लोखंडीऐवजी प्लास्टिकचं वापरलं, तर ते दोन दिवसांत भागतं. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, मी फक्त तो चार वर्षं उशिरा मांडला.

वहीतल्या मोकळ्या सोडलेल्या चार ओळी भरल्या. शेवटची नोंद अशी आहे : ‘प्रत्यक्ष कालावधी : २४ दिवस. एक चर, एक फळी फिकी. काम समाधानकारक.’ दुसऱ्या दिवशी त्या फिक्या फळीवर आईने सांडगे घातले. त्यांतले अर्धे खारींनी नेले. चिंचेची गरज त्यांना लागली नसावी.

आता दरवर्षी एक मेला, महाराष्ट्र दिनाचं निमित्त साधून, मी डेकवर लोटाभर पाणी ओततो. पहिल्या वर्षी थेंब मोत्यांसारखे उभे राहिले. दुसऱ्या वर्षी जरा पसरले. यंदा ओतलं ते मुरलं.

तेव्हा या उन्हाळ्यात कोणी मिनेसोटाकडे येणार असाल तर संकोच न करता आमच्याकडे उतरा. पुरणपोळी करू, अळूचं फतफतं करू. फक्त येताना जुने कपडे आणा.